नझीरची वंशावळ: अरबी जनक घोडा वाचायचा कसा

मारवान अल शकब, पाद्रोन्स सायकी, अन्साता हलीम शाह. अरबी घोड्यांची आवड असलेल्या माणसाने यांतलं एखादं तरी नाव ऐकलेलं असतंच. पहिला कतारच्या अल शकब तबेल्याचा, दुसरे दोघे अमेरिकेतले. तिघांच्या आया वेगळ्या, तबेले वेगळे, पिढ्याही वेगळ्या. तरी बाप, आजोबा, पणजोबा असं मागे चालत गेलात तर तिन्ही वाटा एकाच घोड्यापाशी पोचतात: नझीर, जन्म १९३४, कैरोजवळच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचा तबेला.

या घोड्यावर माझा फार जीव आहे, पण हा लेख केवळ त्याच्या कौतुकासाठी नाही. एखादा पैदाशीचा घोडा थोर जनक होता, हे कशावरून म्हणायचं? त्याची वंशावळ हातात आली की पहिल्यांदा कुठे बघायचं आणि कोणत्या आकड्याने भुलून जायचं नाही? ती रीत नझीरचं उदाहरण घेऊन सांगतो. दुसरा कोणताही अरबी घोडा याच क्रमाने तपासता येईल.

पायरी १: घोडा नक्की कोणता ते ठरवा

हे काम क्षुल्लक वाटतं, पण निम्मा गोंधळ इथेच होतो. अरबी नावं रोमन लिपीत लिहिताना दर देशात स्पेलिंग बदलतं. नझीरच्या आईचा बाप इंग्लंडमध्ये एका स्पेलिंगने नोंदला गेला आणि इजिप्तमध्ये 'काझमीन' झाला. काही घोड्यांचं तर नावच बदललं. इजिप्तमध्ये 'राफत' म्हणून जन्मलेला नझीरचा मुलगा रशियात गेल्यावर 'अस्वान' झाला आणि जग त्याला त्याच नावाने ओळखतं. हदबान एनझाही नावाचा आणखी एक मुलगा आहे. ते नाव त्याच्या कुळाचंही आहे, त्यामुळे इंटरनेटवर शोधताना घोडा आणि कूळ एकमेकांत मिसळतात.

म्हणून वहीत नुसतं नाव लिहू नका. नाव, जन्मवर्ष, बाप आणि आई असा चौकोन भरा. नझीर, १९३४, मन्सूर, बिंत समीहा. चारही गोष्टी जुळल्या तरच तो तुमचा घोडा. ऑल ब्रीड पेडिग्रीसारख्या संकेतस्थळांवर कोणीही माहिती भरू शकतो, म्हणून तिथला तक्ता कच्चा खर्डा समजावा आणि देशाच्या अधिकृत स्टडबुकशी, म्हणजे घोड्यांच्या वंशनोंदीच्या पुस्तकाशी, ताडून घ्यावा. एखादं स्टडबुक शुद्ध अरबी म्हणून मान्य आहे की नाही, हे वाहो म्हणजे जागतिक अरबी अश्व संघटना ठरवते.

पायरी २: तक्त्याचे दोन काठ वाचा, आणि खालच्या काठापासून सुरुवात करा

वंशावळीच्या तक्त्यात प्रत्येक जोडीत बाप वर आणि आई खाली असते. त्यामुळे सगळ्यात वरच्या काठावर बाप, बापाचा बाप, त्याचा बाप अशी ओळ मिळते, आणि सगळ्यात खालच्या काठावर आई, आईची आई, तिची आई. बहुतेकांची नजर वरच्या काठावर जाते, कारण प्रसिद्ध नावं तिथे असतात. अरबी घोड्याच्या बाबतीत ही सवय मोडावी लागते. वाळवंटातल्या भटक्या बदाऊनी टोळ्यांनी कूळ मोजलं ते आईकडून. कुहैलान, सकलावी, अबय्यान, हमदानी, हदबान ही जी पाच मोठी कुळं सांगतात, त्यांतलं शिंगराचं कूळ कोणतं हे त्याच्या आईवरून ठरतं. बापाचं कूळ वेगळं असलं तरी फरक पडत नाही.

नझीरचा खालचा काठ असा आहे: आई बिंत समीहा, तिची आई समीहा, तिची बिंत हदबा अल सघिरा, तिची हदबा, आणि मुळाशी इजिप्तचे खेदिव (शासक) अब्बास हिल्मी दुसरे यांच्या तबेल्यातली व्हीनस. हे हदबान एनझाही कूळ. वाळवंटातून आलेल्या एका घोडीपासून पाचव्या पिढीला नझीर जन्मला, आणि मधल्या सगळ्या आया नावानिशी माहीत आहेत.

इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवते. एकोणिसाव्या शतकात बसरा, कुवेत, बुशहर इथून मुंबई बंदरात हजारो अरबी घोडे उतरले. फौजेसाठी आले, शर्यतींसाठी आले, संस्थानिकांसाठी आले. पण ते बहुतांशी नर होते, कारण टोळ्या चांगली घोडी सहसा विकत नसत. त्यामुळे अरबी रक्त आपल्याकडे भरपूर आलं, तरी नझीरसारखी खालच्या काठाची अखंड साखळी त्या व्यापारातून मिळत नाही. आयाच आल्या नाहीत, तर साखळी कुठून येणार?

आता वरचा काठ. नझीरचा बाप मन्सूर, आणि त्याचा बाप गमील मनियल, म्हणजे राजपुत्र मोहम्मद अली यांच्या मनियल तबेल्याचा घोडा.

मधला भागही सोडू नका, नझीरच्या तक्त्यातली सर्वांत सुंदर गोष्ट तिथेच दडली आहे. बिंत समीहाचा बाप काझमीन, त्याचा बाप सोताम, त्याचा बाप ॲस्ट्रालेड, आणि त्याचा बाप मेसाउद. मेसाउद १८८७ साली कैरोत अली पाशा शरीफ यांच्या तबेल्यात जन्मला. लेडी ॲन ब्लंट आणि विल्फ्रिड ब्लंट यांनी तो विकत घेतला आणि १८९१ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या क्रॅबेट पार्क या आपल्या तबेल्यात नेला. तिथे त्याचा वंश वाढला, आणि १९२० साली इजिप्तने क्रॅबेटकडून जे घोडे परत विकत घेतले त्यांत काझमीन होता. देशाबाहेर गेलेलं रक्त तीन पिढ्यांनी घरी आलं आणि बिंत समीहाच्या रूपाने नझीरपर्यंत पोचलं. तक्ता वाचताना प्रत्येक नावाखाली जन्माचं ठिकाण लिहिलंत, तर असे प्रवास आपोआप दिसू लागतात.

पायरी ३: त्याला संधी किती मिळाली ते बघा

संतती मोजण्याआधी हे बघितलंच पाहिजे. नझीरच्या उमेदीची वर्षं मुख्य तबेल्यातल्या निवडक माद्यांसोबत गेलीच नाहीत. १९४९ मध्ये हंगेरीच्या बाबोल्ना तबेल्याचा अनुभव असलेले जनरल तिबोर फॉन पेटको-सांटनर इजिप्तमध्ये आले. त्यांनी नझीरला हेरलं आणि मुख्य जनक केलं. तेव्हा घोडा पंधरा वर्षांचा होता. आज आपण ज्या मुलांची नावं घेतो, ती त्यानंतरच्या सुमारे दहा वर्षांतली आहेत.

आजच्या जनकाचं गोठवलेलं वीर्य विमानाने चार खंडांत जातं. त्याची शिंगरं शेकड्यांनी असतात, त्यांतली काही शोमध्ये जिंकणारच. नझीरच्या वेळी एक तबेला, नैसर्गिक संयोग आणि उतारवय एवढंच होतं. त्यामुळे 'याची इतकी पोरं विजेती' हा आकडा दोन काळांतल्या घोड्यांची तुलना करायला अगदी निरुपयोगी आहे. मोजायचंच असेल तर एकूण शिंगरांपैकी किती जण पुढे स्वतः पैदाशीला ठेवण्याच्या लायकीचे निघाले, ते प्रमाण मोजा.

पायरी ४: मुलांची यादी करा, आणि प्रत्येकापुढे आईचा बाप लिहा

या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. एक कागद घ्या, तीन रकाने आखा: मुलगा, आई, आईचा बाप. नझीरच्या सहा गाजलेल्या मुलांचा कागद वाचून दाखवतो.

हदबान एनझाही, १९५२, आई कामला, तिचा बाप शेख अल अरब.
गझल, १९५३, आई बुकरा, तिचा बाप शहलूल.
मोराफिक, १९५६, आई मबरूका, तिचा बाप सिद अबूहोम.
अला अल दीन, १९५६, आई कतीफा, तिचा बाप शहलूल.
अन्साता इब्न हलीमा, १९५८, आई हलीमा, तिचा बाप शेख अल अरब.
अस्वान, १९५८, आई योसरेया, तिचा बाप शेख अल अरब.

तिसऱ्या रकान्यातून बोट वरून खाली फिरवा. सहांपैकी तिघे शेख अल अरबच्या मुलींचे, दोघे शहलूलच्या मुलींचे. उरला मोराफिक, तर मबरूकाची आई मोनिएत अल नुफूस हीसुद्धा शहलूलचीच मुलगी. म्हणजे नझीरची थोरवी म्हणून आपण जिचं कौतुक करतो, तिच्यात या दोन घोड्यांच्या मुलींचा वाटा मोठा आहे. असा रकाना भरल्याशिवाय कोणत्याही जनकाबद्दल मत बनवू नये, असं मला ठामपणे वाटतं. जाहिरातींत आणि लिलावाच्या पुस्तिकांत बापाचं नाव ठळक अक्षरात असतं आणि आईच्या बापाचं बारीक. तुम्ही ते उलटं वाचा.

पायरी ५: नात्याचं गणित करा

शेख अल अरब कोणाचा मुलगा? मन्सूरचा. म्हणजे तो नझीरचा सावत्र भाऊ. हदबान एनझाहीच्या आईची गंमत तर याहून पुढची आहे. कामलाचा बाप शेख अल अरब हा नझीरचा बापाकडून सावत्र भाऊ, आणि तिची आई समहा ही बिंत समीहाची मुलगी, म्हणजे नझीरची आईकडून सावत्र बहीण. कामला ही नझीरची दोन्ही बाजूंनी पुतणी-भाची.

अशा जुळणीचा दाब, म्हणजे शिंगराला आई आणि बाप दोघांकडून एकाच पूर्वजाचा तोच जनुक मिळण्याची शक्यता, मोजायची रीत सोपी आहे. बाप आणि आई दोघांच्याही मागे असलेला सामाईक पूर्वज शोधा. त्याच्यापासून बापापर्यंत किती पिढ्या आणि आईपर्यंत किती पिढ्या ते मोजा, बेरीज करा, त्यात एक मिळवा. जो आकडा येईल तितके अर्धे एकमेकांशी गुणा.

मन्सूरपासून नझीर एक पिढी, कामला दोन पिढ्या. एक अधिक दोन अधिक एक, चार. चार अर्धे एकमेकांशी गुणले की एक सोळांश, म्हणजे ६.२५ टक्के. बिंत समीहापासूनही नझीर एक, कामला दोन, म्हणजे आणखी ६.२५ टक्के. दोन्ही मिळून हदबान एनझाहीत १२.५ टक्के, तेही फक्त या दोन पूर्वजांमुळे. त्याआधीची नाती धरली तर आकडा वाढतो. अस्वान आणि अन्साता इब्न हलीमा यांच्यात फक्त मन्सूरची वाट धरली तर ६.२५ टक्के येतात.

पुढच्या पिढीत हे आणखी उघडपणे केलं गेलं. शेख अल बादी हा मोराफिकचा मुलगा, आणि त्याची आई बिंत मैसा अल सघिरा ही स्वतः नझीरची मुलगी. सावत्र भावंडांची जोडी. गणित करून बघा: एक, एक आणि एक, तीन, एक अष्टमांश, पुन्हा १२.५ टक्के, आणि ते एकट्या नझीरमुळे.

हा आकडा वाईट की चांगला, असं विचारू नये. जवळच्या जुळणीने गुण पक्के होतात, तसे दडलेले दोषही वर येतात. ती जुळणी झेलून पुढच्या पिढ्या सुदृढ राहिल्या का, हे बघायचं.

पायरी ६: परक्या माद्यांबरोबर काय झालं

घरच्या माद्यांवर चांगली संतती देणारे घोडे पुष्कळ असतात. ज्या माद्यांशी रक्ताचं नातं जवळजवळ नाही, तिथेही ठसा उमटला तर तो खरा ठसा. नझीरच्या बाबतीत ही परीक्षा इतिहासानेच घेतली, कारण त्याचे मुलगे जगभर पांगले.

हदबान एनझाही आणि गझल १९५५ साली जर्मनीला, बाडेन-वुर्टेम्बर्गमधल्या मारबाखच्या सरकारी तबेल्यात गेले. तिथल्या अरबी माद्या वुर्टेम्बर्गचा राजा पहिला विल्हेल्म याने १८१७ पासून जोपासलेल्या कळपातल्या होत्या. काळाभोर हदबान एनझाही तिथे १९७५ पर्यंत जगला आणि त्या जुन्या कळपाला त्याने नवं रूप दिलं.

अस्वानला १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष नासर यांनी सोव्हिएत संघाला भेट दिलं. अस्वान धरणासाठी मिळालेल्या मदतीची ती परतफेड, त्यावरूनच घोड्याचं नवं नाव. तो उत्तर कॉकेशसमधल्या तेर्स्क तबेल्यात गेला. तेर्स्कच्या माद्यांत फ्रान्समधून १९३० ला आणलेलं रक्त होतं, १९३६ ला क्रॅबेटहून आणलेलं होतं, १९३९ मध्ये पोलंडमधून नेलेलंही होतं. इतक्या निरनिराळ्या माद्यांवर अस्वानने देखणी संतती दिली. त्याचा मुलगा पालास पोलंडच्या यानुव पोडलास्की तबेल्यात जनक झाला. दुसरा मुलगा पात्रोन, त्याचा मुलगा पाद्रोन, आणि त्याचा मुलगा पाद्रोन्स सायकी: नझीरची ओळ अशी इजिप्त, रशिया, हॉलंड असा फेरा घेऊन अमेरिकेत पोचली.

अन्साता इब्न हलीमाला डोनाल्ड आणि ज्युडिथ फोर्बिस यांनी १९५९ मध्ये अमेरिकेत नेलं, मोराफिक १९६५ मध्ये टेक्सासच्या ग्लेनलॉक फार्म्सवर गेला. अला अल दीन मात्र इजिप्तमध्येच, अल झहरा तबेल्यात राहिला आणि त्याच्या मुली नामवंत आया झाल्या.

पायरी ७: मुली विसरू नका

जनकाच्या मुली प्रसिद्ध होत नाहीत, त्यांची मुलं होतात. म्हणून त्यांना आईच्या रकान्यात शोधावं लागतं. नझीरची मुलगी बिंत मैसा अल सघिरा वर येऊन गेलीच. अन्साता बिंत मबरूका ही मोराफिकची सख्खी बहीण, अन्साता बिंत झाफराना ही आणखी एक मुलगी. या दोघी अन्साता इब्न हलीमाबरोबरच अमेरिकेला गेल्या आणि फोर्बिस यांच्या अन्साता तबेल्याचा पाया त्यांच्यावर उभा राहिला. एखाद्या घोड्याचं नाव बापांच्या ओळीत दिसतं पण आयांच्या ओळीत कुठेच नाही, असं आढळलं तर त्याला थोर म्हणण्याआधी थांबावं.

पायरी ८: रंगावरून वंशावळ तपासा

रेसकोर्सवर ज्याला ग्रे म्हणतात, तो घोडा जन्मतः गडद असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. हा गुण प्रभावी जनुकाचा आहे, तो पिढी ओलांडून उडी मारत नाही. ग्रे घोड्याच्या आईबापांपैकी एक तरी ग्रे असलाच पाहिजे. तक्त्यात आईबापांपैकी एकही ग्रे नसताना शिंगरू ग्रे दाखवलं असेल, तर नोंद चुकली आहे असं खुशाल समजा.

उलट दिशेनेही माहिती मिळते. नझीर ग्रे होता, हदबान एनझाही काळा. म्हणजे नझीरकडे ग्रे जनुकाची एकच प्रत होती. दोन असत्या तर त्याचं एकही शिंगरू काळं होऊ शकलं नसतं.

पायरी ९: जनुकीय चाचण्यांशिवाय पैदास करू नका

वंशावळीच्या प्रेमात पडलेल्या माणसाने ही पायरी गाळली तर त्याची किंमत शिंगराला मोजावी लागते. अरबी घोड्यांत काही आनुवंशिक आजार अप्रभावी जनुकाने चालत येतात. एससीआयडीमध्ये शिंगराला प्रतिकारशक्तीच नसते आणि ते काही महिन्यांत दगावतं. लॅव्हेंडर फोल सिंड्रोम मुख्यतः इजिप्शियन वंशात आढळतो, त्यात शिंगरू उभंच राहू शकत नाही. सेरेबेलर ॲबिओट्रॉफीत मेंदूचा तोल सांभाळणारा भाग झिजतो. वाहक घोडा, म्हणजे ज्याच्याकडे अशा जनुकाची एकच प्रत आहे तो, स्वतः पूर्ण निरोगी दिसतो, म्हणून नुसतं बघून कळत नाही. दोन वाहकांची जुळणी झाली तर प्रत्येक शिंगराला आजाराचा धोका चारात एक. आयाळीचे किंवा शेपटीचे मुळासकट उपटलेले केस प्रयोगशाळेत पाठवले की चाचणी होते. पाचव्या पायरीचा आकडा जितका मोठा, तितकी ही चाचणी अधिक निकडीची.

सरावासाठी एक तक्ता

मारवान अल शकब, जन्म २०००, याचा तक्ता काढा. बाप गझल अल शकब. हा वर आलेला गझल नव्हे, पहिली पायरी लक्षात ठेवा. त्याचा बाप अनाझा अल फरीद, त्याचा रुमिनाजा अली, त्याचा शेख अल बादी, त्याचा मोराफिक, त्याचा नझीर. आता अनाझा अल फरीदच्या आईकडे वळा. ती बिंत दीना, अन्साता इब्न हलीमाची मुलगी. शेख अल बादीतून दोन वाटा आणि बिंत दीनातून एक, म्हणजे अनाझा अल फरीदमध्ये नझीर किमान तीनदा येतो.

मग गझल अल शकबची आई बघा: कजोरा. तिचा बाप काबोर, त्याचा बाप नाबोर, म्हणजे रशियन-पोलिश घराणं. नझीरचं रक्त पिढ्यान्‌पिढ्या साठवलेला घोडा आणि अगदी वेगळ्या वंशाची घोडी, या जुळणीतून गझल अल शकब झाला. पुढे तो पोलंडमध्ये वापरला गेला, तेव्हा यानुवच्या पियानोसा घोडीपासून २००३ साली पियानिसिमा जन्मली. तिच्या आईकडचा अर्धा तक्ता स्वतः भरा, आणि प्रत्येक आईपुढे तिचा बाप लिहा.